मग हाल्वोर कोण?

...नाही, पण मला सांगा, हा हाल्वोर कोण? जावई एरिक, बरं. त्याचा बाप आर्ने, तेही बरं. मग आडनाव हाल्वोर्सन कसं? हाल्वोर्सन म्हणजे म्हणे हाल्वोरचा मुलगा! अहो, बाप आर्ने नि मुलगा हाल्वोरचा? हे भिवंडीत चारचौघांत सांगायचं तरी कसं?

तुम्हाला सांगतो, हा नॉर्वेचा प्राणी अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांत थर्मामीटर बुडवायला आला. आमची सुचेता दुभाषी म्हणून गेली. पाणी किती तापलं देव जाणे, ही दोघं मात्र... असो! सोमवारी तिची व्हिसाची मुलाखत. लग्नाचा दाखला नसेल तर नवरा एकटाच उडणार! म्हणून गेलो कचेरीत. जिथं मी एकतीस वर्षं खुर्ची झिजवली, तिथंच. आता त्या खुर्चीत चांगदेव, मीच घडवलेला. म्हटलं, चहा येईल, शिक्का बसेल, आटोपलं!

कसलं काय! चांगदेवानं चष्मा वर केला. "तात्या, बापाच्या रकान्यात आर्ने. मग हाल्वोर कोण?"

एरिक मोठ्या उत्साहानं सांगतोय, सुचेता मराठी करतेय, "पूर्वी त्यांच्यात आडनावंच नव्हती. हाल्वोर याचा पणजोबा. त्याचा मुलगा ओले, म्हणून ओले हाल्वोर्सन. ओलेचा मुलगा आर्ने, त्यानं खरं ओल्सेन व्हायचं." म्हणजे दर पिढीला शेपूट नवं! मधेच सरकारनं कायदा केला, आता आडनाव बदलायचं नाही. झालं, हाल्वोर चिकटला तो चिकटलाच. संगीतखुर्ची हो! आणि अर्थ काय? खडकाचा राखणदार! वॉचमन! अंजूरच्या गोदामांवर असे छप्पन्न हाल्वोर बिड्या ओढत बसलेत, मिरवतंय का कुणी त्यांना?

चांगदेवानं कागद बाजूला सरकवला. एरिकला म्हणतो, "साब, हाल्वोर का डेथ सर्टिफिकेट लाओ!" नि मला, "नाहीतर हाल्वोरला ओळखणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र. तुमचाच नियम, तात्या! बापाचं नाव जुळल्याशिवाय कागद हलवायचा नाही. अंबाडीच्या चिंधूला एका उकारासाठी अकरा हेलपाटे घालायला लावले होते तुम्ही. आठवतंय?"

आठवतंय! न आठवून सांगतो कुणाला? तिकडे सुचेता रडायच्या बेतात, घड्याळात शुक्रवारचे पावणेपाच... शेवटी मीच लिहिलं. 'हाल्वोर हा वराचा पणजोबा असून त्यास मी व्यक्तिशः ओळखतो.' ओळखतो! एकतीस वर्षांत एक खोटा कागद केला नाही हो मी... आणि केला तो कुणासाठी, तर हाल्वोरसाठी! मग हाल्वोर कोण? आता माझ्या ओळखीचा!

शिक्का बसला. चांगदेवानं मोठ्यानं वाचलं, "विवाहानंतरचं नाव, सुचेता हाल्वोर्सन." म्हणजे? हाल्वोरचा मुलगा! पूर्वी तिकडे मुलीला निदान 'दातर' तरी लावत, म्हणजे मुलगी. आता सरसकट सगळे मुलगेच!

घरी बायकोला सांगितलं. आमच्या अनसूयाबाईंनी सत्तावीस वर्षांपूर्वी वज्रेश्वरीला नवस बोलला होता, मुलगा होऊ दे म्हणून. लगबगीनं नारळ शोधायला उठली. म्हणते, "उशिरा का होईना, पावली हो देवी!"

म्हटलं, "पावली खरी. पण हाल्वोरला!"