मागच्या दारचं गवत

नणंद : सगळं? वहिनी, अगं मागच्या दारचं सगळं गवत कापलंत?

वहिनी : भिंतीकडचा कोपरा राहिलाय. मशिनमधलं पेट्रोल संपलं, तुझा दादा आणायला गेलाय. आणि ओरडू नकोस, बाळ आत्ता कुठे झोपलंय.

नणंद : ओरडू नको तर काय नाचू? माझ्या अळ्या होत्या त्या गवतात!

वहिनी : अळ्या होत्या हे काय कौतुकानं सांगतेस! पोर आज-उद्या दाराबाहेर रांगत जाईल. गुडघाभर गवतात काय काय असतं, तुला मी सांगायला हवं?

नणंद : फुलपाखराच्या अळ्या गं! स्किपर म्हणतात. हे फुलपाखरू आजवर फक्त डोंगरापलीकडे, समुद्राकडच्या पट्ट्यात दिसलंय. डोंगराच्या या बाजूला पहिल्यांदाच, तेही आपल्या परसात! इथल्या अळीचं फुलपाखरू होताना फोटो मिळाले असते, तर ते वाट चुकून आलेलं नाही, इथंच वाढतंय हे सिद्ध झालं असतं. तेवढा धीर धरवला नाही तुम्हाला!

वहिनी : कुणाला सांगितलं होतंस?

नणंद : काय?

वहिनी : या गवताला हात लावू नका, हे कुणाला सांगितलं होतंस? महिनाभर तिथं उकिडवी बसत होतीस. मी विचारलं, काय बघतेस गं? तर म्हणे, "काही नाही, तुला कंटाळा येईल." कॉलेजात तास-तास बोलतेस. घरातल्या माणसाला दोन वाक्यं सांगायला तोंड दुखत होतं? आणि आता माझ्यावर डाफरतेस!

नणंद : मला वाटलं, तुला किळस येईल.

वहिनी : दिवसभर बाळाचे लंगोट बदलते मी. मला किळस येणार! चल त्या कोपऱ्यात. काय शोधायचं ते सांग. आणि नीट सांग.

नणंद : मादी पात्यावर एकेक अंडं घालते. अळी निघाली की पात्याच्या दोन्ही कडा रेशमानं जोडून नळी करते आणि आत राहते. भूक लागली की बाहेर येऊन गवतच कुरतडते. शी मात्र लांब उडवते, घराजवळ पडू देत नाही. वासावर गांधीलमाशी येते ना.

वहिनी : तुझ्या दादापेक्षा बरी. तो ओला टॉवेलसुद्धा गादीवर टाकतो.

नणंद : कोषही त्या नळीतच. फुलपाखरू झालं की गवत सुटलं, मग नुसता फुलांतला मध.

वहिनी : ही बघ, शिवलेली. अं हं, रिकामी.

नणंद : ही पण. गेलं सगळं, वहिनी.

वहिनी : थांब. ह्या पात्यात हिरवं काहीतरी आहे. डोकं काळं, मोठं.

नणंद : तीच! तीच गं! चिमटू नकोस.

वहिनी : मी कशाला चिमटू? अगं बाई, खाते आहे ती.

(दादा पेट्रोलचा कॅन घेऊन येतो.)

दादा : सरका गं दोघी. एवढा कोपरा उरकून टाकतो.

वहिनी : तो राहू दे.

दादा : का? काय आहे तिथं?

वहिनी : हळू बोल. बस इथं खाली, मी सांगते.