दारात सापडलेली बोटं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या प्लांटचे प्रमुख माननीय प्रज्वल सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या एचआर विभागाच्या रश्मी मॅडम, मघापासून एका हातात माइक धरून दुसऱ्या हाताने सामोशांच्या डिशा पुढे सरकवणारे आपले सूत्रसंचालक हिंदुरावभाऊ, प्रेस शॉप, वेल्डिंग आणि स्टोअर्समधले माझे सगळे बंधू-भगिनी, आणि पहिल्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून बसलेले माझे वडील कोंडीराम ओव्हाळ, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, व माझी पत्नी मिनल. आपणा सर्वांना माझा सविनय जयभीम आणि नमस्कार.

आता पाच वाजून पाच मिनिटं झाली आहेत. साडेपाचला जनरल शिफ्टच्या बस सुटतात आणि आकुर्डीची बस कुणाच्या बापासाठी थांबत नाही, हे चौदा वर्षांत मी शिकलो आहे. माझं पंचिंग कार्डही आज साडेपाचलाच बंद होणार. तोपर्यंत मी या कंपनीचा सुरक्षा अधिकारी आहे, नंतर नाही. त्यामुळे थोडा घाईत आहे. घाई का, ते बोलता बोलता येईलच.

माझ्याआधी चार जण बोलले आणि चौघांनीही माझ्या अक्षराचं कौतुक केलं. मोत्याचे दाणे म्हणाले. हिंदुरावभाऊंनी तर सांगून टाकलं की त्यांच्या मुलीची लग्नाची माहिती मी लिहून दिली होती, आणि "पाव्हणं पोरगी बघायच्या आधी अक्षर बघूनच राजी झालं राव." कँटीनच्या फळ्यावर 'आज जिलेबी' मी लिहायचो, तेव्हा जिलेबी आधी डोळ्यांनीच खाल्ली जायची असंही कुणीतरी म्हणालं. गेटवरचा 'अपघातविरहित दिवस' हा फलकसुद्धा माझ्याच हातचा. रोज सकाळी खडूने त्यात एक दिवस वाढवायचा. आज सकाळी मी तिथे आठशे नव्वद लिहून आलो.

आपण मला शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, अक्षराची आठवण म्हणून हा सुंदर पेन दिलात. मानपत्रही दिलंत. त्यात लिहिलंय, 'उदात्त ध्येयासाठी चौदा वर्षांच्या नोकरीवर पाणी सोडणारे धम्मरत्न ओव्हाळ.' हे वाचलं जात असताना मिनलनं माझ्याकडे पाहिलं. गेले आठ महिने जेवायला बसलो की उजवा हात ताटात घालतो आणि तसाच बसून राहतो, हे तिला माहीत आहे. उदात्त वगैरे काही नाही. मी घाबरून पळालेला माणूस आहे.

मी चाललोय कुठे? दापोडीला रेल्वेलाइनीच्या कडेला एक लहान खोली आहे. स्नेहल नावाच्या वकीलबाई ती चालवतात. मशीनवर ज्यांचे हात, बोटं गेली ते कामगार तिथे कागदपत्रं घेऊन येतात. त्यांचे अर्ज लिहायचे, दवाखान्यात आणि कचेरीत त्यांच्याबरोबर जायचं, एवढं काम. मला वाटलं होतं, लिहूनच पाप केलंय तर लिहूनच थोडं फेडावं.

पाप म्हणालो. आबा, तुम्ही दचकलात. पण हे तुम्हाला घरात सांगायचा धीर मला झाला नाही. इथे एवढे लोक आहेत म्हणून सांगू शकेन असं वाटतं.

आमचे आबा दापोडीतल्या एका कारखान्यात हेल्पर होते. पहिल्या दिवशी हजेरीपुस्तकावर त्यांनी अंगठा दिला. शाई दोन दिवस निघाली नाही आणि ते दोन दिवस आबा डाव्या हाताने चहाचा कप धरत होते, असं आई सांगायची. "माझ्या पोरावर अंगठा द्यायची पाळी न्हाई येणार," म्हणाले. मग माझी पाटी सुरू झाली. आबांना वाचता येत नव्हतं, पण अक्षर वाकडं आहे हे कळायचं. एक वेलांटी तिरकी गेली की अख्खी पाटी पुसायला लावायचे. राजीनाम्याचं सांगितलं तेव्हा आबांनी मला एकच विचारलं. "नोकरी सोडायला झालं काय? हातपाय धड हायेत की तुझे."

हो आबा. माझे धड आहेत. ज्यांचे नाहीत त्यांच्यातल्या एकीची गोष्ट सांगतो.

आठ महिन्यांपूर्वी, पहिल्या शिफ्टला, सकाळी साडेअकराच्या सुमारास. सात नंबरच्या प्रेसवर दिपाली होती. अहमदपूरकडची, चोवीस वर्षांची, ठेकेदाराकडून आलेली. तुमच्यापैकी निम्म्यांनी तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खाल्ली आहे. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे दोन्ही हात बाहेर राहतात. त्या दिवशी माल अर्जंट होता, म्हणून एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं होतं. पट्टी कुणी लावली ते विचारू नका. मी सुरक्षा अधिकारी. रोज त्या मशीनपुढून जात होतो. मला ती पट्टी दिसत होती.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. शेजारी आठ नंबरवर हिंदुरावभाऊ होते. त्यांनी मशीन थांबवलं, स्वतःचा सदरा काढून तिच्या हाताला गुंडाळला आणि बनियनवर गेटपर्यंत पळत गेले. भाऊ, तुम्ही मान खाली घालू नका. त्या दिवशी धड वागलेले तुम्ही एकटेच होता.

मग अपघाताच्या अहवालाचा कागद आला. त्यात एक रकाना असतो, 'इजा कशी झाली?' प्रज्वल सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सर माणूस म्हणून वाईट नाहीत हो. आबांना हॉस्पिटलात न्यायचं होतं तेव्हा त्यांनी स्वतःची गाडी दिली होती, मी ते विसरलेलो नाही. सर म्हणाले, "धम्मरत्न, ऑडिट पंधरा दिवसांवर आहे. तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच लिहा." आणि मी लिहिलं. 'राहत्या घरी दारात उजव्या हाताची तीन बोटं सापडून इजा.' ऱ्हस्व-दीर्घ बिनचूक. अनुस्वार जागच्या जागी.

हे मी पहिल्यांदा लिहिलं नव्हतं. चौदा वर्षांत अकरा वेळा लिहिलं आहे. अकरा माणसं, अकरा दारं. आपल्या कंपनीतल्या लोकांच्या घरची दारं इतकी वाईट कशी, असं मला आजवर कुणीही विचारलं नाही. तुम्हीसुद्धा नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

दवाखान्यात दिपालीला कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, "सर, खरं लिवलं तर कामावरून काढतेल का?" मी म्हणालो, "काळजी करू नकोस, कंपनी बघून घेईल." तिला बारावीला मराठीत शहात्तर मार्क होते, पण सही करायला हात उरला नव्हता. मी शाईचं पॅड पुढे केलं. तिचा डावा अंगठा माझ्या या हाताने धरला आणि कागदावर दाबला. आबा, मला अंगठा द्यावा लागू नये म्हणून तुम्ही जन्म घालवलात. मला द्यावा लागला नाही. मी दुसऱ्याचा घेतला. पुढच्या महिन्यात तिचं काम संपलं असं ठेकेदाराने कळवलं. कागदावर 'कामावर इजा' असती तर तिला विम्यातून जन्मभराचा आधार मिळाला असता. कागदावर घरी इजा, म्हणून काही नाही.

आता तुम्ही म्हणाल, झालं गेलं, आता तर तुम्ही चांगल्या कामाला चाललात. मीही तसंच म्हणत होतो. गेल्या महिन्यात दापोडीच्या खोलीवर काम बघायला गेलो. स्नेहलताईंनी सवय व्हावी म्हणून एक फाइल हातात दिली. म्हणाल्या, "हे बघा, किती सुंदर अक्षर आहे. या एका ओळीनं पोरीची केस मारली. ज्यानं लिहिलंय त्याला शोधतेय मी."

मी म्हणालो, "ताई, तो तुमच्यासमोर बसलाय."

त्यांनी मला हाकललं असतं तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, दिपालीच्या केसची मंगळवारी सुनावणी आहे, ती शेवटची. नोकरी सोडलेल्या माणसाच्या जबानीला वजन नसतं, कंपनी म्हणेल रागाने बोलतोय. कामावर असलेल्या सुरक्षा अधिकाऱ्याने लिहिलेला दुरुस्त अहवाल हवा, प्लांटप्रमुखांची सही हवी आणि डोळ्यांनी पाहिलेला एक साक्षीदार हवा. तो अहवाल मी लिहिला आहे. हा इथे, मानपत्राखाली आहे. तो घेऊन तीन वेळा मी सरांच्या केबिनमध्ये गेलो. तिन्ही वेळा सर म्हणाले, "जाताना कशाला? हसतमुखाने जा."

सर, मला हसता येत नाही. मी हात जोडतो. हात आहेत म्हणून जोडतो. एवढ्या माणसांदेखत तुम्हाला अडचणीत आणायचं माझ्या मनात नव्हतं, पण माझ्याकडे दुसरी जागा नाही आणि वीस मिनिटंही नाहीत. मला मानपत्र नको. शाल परत घ्या. ही एक सही द्या. नाही दिलीत तर मी सोमवारी त्या खोलीत जाऊन बसेन, आणि समोर दिपाली येऊन बसेल, आणि मी तिच्यासाठी काय लिहू? जे मोडलंय ते मीच लिहिलेलं आहे. कसलं ध्येय आणि कसलं काय. मला त्या बाकावर बसता येणार नाही, सर.

हिंदुरावभाऊ, तुम्ही का उठलात? माइक घ्यायला येताय ना? घ्या. तुमचं काम आहे ते. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत तुमची, मी समजू शकतो. फक्त आभाराचं एक वाक्य राहिलंय, तेवढं…

काय म्हणालात?

मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल म्हणून सांगतो. हिंदुरावभाऊ म्हणतायत, "माइक ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. पेन दे. साक्षीदारानं सही कुठं करायची त्ये दाखव."

इथे, भाऊ. या रेघेवर.

झाली. अक्षर जरा वाकडं आलंय. आबा, तुम्ही अख्खी पाटी पुसायला लावली असती. ही पुसायची नाही.

खालची रेघ प्लांटप्रमुखांची आहे. ती अजून रिकामी आहे. पाच वाजून बावीस मिनिटं झालीत. सर, कागद तुमच्यासमोर ठेवतो आणि पेनही, टोपण काढून.

आपण सर्वांनी चौदा वर्षं मला सांभाळून घेतलंत, आज वेळात वेळ काढून आलात, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाच्या मानपानात काही कमी पडलं असेल, शब्द जास्त गेला असेल, तर तो पोटात घाला. लिहिण्यात जे चुकलं ते मात्र पोटात घालू नका. ते आपण फार दिवस घातलंय.

ज्यांना आकुर्डीची बस धरायची आहे त्यांनी निघालं तरी चालेल. मी साडेपाचपर्यंत इथेच उभा आहे, सर.