ड्रायरची सरळ रेघ

तुळजा : खुर्चीवर तुमीच बसा सायब. मला काल त्या खुर्चीवरून उठवलंय.

संगमेश : अक्का, आत्ताच कलबुर्गीहून येतोय मी. आधी मशीन बघू द्या, मग काय ते बोला.

(हुलसूरच्या वाटेवरच्या तूरडाळ मिलमधली काचेची केबिन. ड्रायरमधली डाळ किती तापली ते कॉम्प्युटरवर हलत्या रेघेत दिसतं, आणि ती रेघ बघत बसायचं काम तुळजाचं. काल ही हिरवी रेघ शहाण्या बाळासारखी सरळ होती आणि आत डाळ करपून लाल झाली. हे सॉफ्टवेअर संगमेशनं लिहिलेलं. कालपासून केबिनला कुलूप होतं. आज ते निघायच्या आधीच तुळजा दारात येऊन उभी. तिचा जीव नुसता तळतळत होता, आणि का तळतळू नये?)

तुळजा : मशीन न बगताच काल बोललात की. आपल्या मालकांनी, वीरण्णा अण्णांनी तुमाला फोन लावला, तर तुमी म्हणालात, बाईनं कॉम्प्युटरवर पिच्चर लावला असंल, म्हणून हँग झाला. मालकांचा फोन स्पीकरवर होता. डाळ निवडणाऱ्या सगळ्या बाया दाराशी उभ्या होत्या.

संगमेश : मी ‘असेल’ म्हणालो. लावलाच, असं कुठं म्हणालो?

तुळजा : तुमचं ‘असेल’ ठेवा तुमच्यापाशी. अण्णांनी तितंच सांगितलं, तुळजा, ऊठ, उद्यापासून येऊ नको. बाया खाली माना घालून गेल्या. ईरम्मानं तेवढं विचारलं, खरंच पिच्चर बगायलीस का गं? तिनंच शब्द टाकून मला हितं कामाला लावलं होतं. तिला काय सांगू मी?

संगमेश : बरं, बघू द्या. कॉम्प्युटरवर काय काय उघडलं होतं ते दिसतंय इथं. पिक्चर नाही. दुसरंही काही नाही. नुसतं आपलं सॉफ्टवेअर.

तुळजा : मग आता काय म्हणता?

संगमेश : रिस्टार्ट करू या एकदा, होईल ठीक.

तुळजा : हात लावू नका. रिस्टार्ट केला की ते गरीब गाईगत चालतंय, तुमी चहा पिऊन जाताव, अन् चोर मीच ऱ्हाते. दिवाळीपासून हेच चाललंय. हे कामून मरायलंय ते दाखवल्याबिगर मी दारातून हलत न्हाई.

संगमेश : अक्का, कॉम्प्युटर जुना आहे. मिलची धूळ आहे. इथली लाइट पण अशी...

तुळजा : धूळ, लाइट, बाई. तुमचं सोडून सगळ्यांचं चुकतंय.

संगमेश : थांबा. कोणता प्रोग्राम किती मेमरी खातो ते इथं दिसतं.

तुळजा : हे सगळ्यात वरचं कुणाचं?

संगमेश : आपलंच.

तुळजा : आपलं न्हाई. तुमचं.

संगमेश : माझं. सगळी मेमरी त्यानंच खाल्लीय.

तुळजा : अन् शिव्या म्या खाल्ल्या. कामून खाल्ली?

संगमेश : तेच बघतो. माझ्या लॅपटॉपवर हेच सॉफ्टवेअर खोट्या आकड्यांवर जोरात पळवतो. बघा, खाल्लेली मेमरी वाढतेय. थांबायचं नाव नाही. आता ग्राफ बंद केला. थांबली. परत चालू केला. वाढली.

तुळजा : म्हंजे खोट ग्राफातच.

संगमेश : ग्राफ मी लिहिला त्यात. दर सेकंदाला नवा आकडा आला की मी रेघ नव्यानं काढतो. जुनी टाकून द्यायला पाहिजे होती, ती टाकलीच नाही. नवी बरोबर तिच्यावरच बसते, म्हणून डोळ्याला एकच दिसते. खाली सगळ्या तशाच पडून आहेत.

तुळजा : चादरीवर चादर घालत गेलात, खालची एक बी काढली न्हाई.

संगमेश : तसंच. शेवटी जागा संपली, अन् स्क्रीन होती तिथंच थिजली.

तुळजा : थिजली तर थिजल्यागत दिसावं की. बंद पडलेला पंखा बी कळतोय बंद पडला म्हणून. हे तुमचं मेलं तरी हिरवं ते हिरवंच. मी त्या रेघेवरून नजर काढली न्हाई सायब. काचेच्या आत बसून इमानानं बगत होते. बाहेर उंडारत असते तर करपल्याचा वास तरी आला असता.

संगमेश : ते पण माझंच चुकलं. आकडे यायचे थांबले तर रेघ लाल व्हायला पाहिजे होती. पण एक कळत नाही. गेल्या सीझनला हेच सॉफ्टवेअर होतं. एकदाही हँग झालं नाही.

तुळजा : गेल्या सालाची गोष्टच येगळी. मल्लप्पा आप्पा मिलमधी येत होते, अण्णांचे वडील. माणसाला सोमवार तरी मिळत होता. सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत न्हाईत, तसं मिललाबी नको म्हणायचे आप्पा. रविवारी दिवा लावायच्या टायमाला सगळी बटणं बंद. कॉम्प्युटरला विभूती लावून वर पंचा झाकायचे. आता कुठला सोमवार अन् कुठला मंगळवार.

संगमेश : कॉम्प्युटर पण बंद करायचे?

तुळजा : सगळंच की. कामून?

संगमेश : बंद केला की मेमरी रिकामी होते. दर सोमवारी माझी चूक आपोआप धुऊन निघत होती.

तुळजा : अन् सोमवार कुणी मोडला?

संगमेश : मी. दिवाळीला आलो होतो तेव्हा वीरण्णांना म्हणालो, कॉम्प्युटर म्हणजे काय बैल आहे का? महिनाभर न थांबता चालतो. आप्पा समोरच बसले होते.

तुळजा : त्या दिवसापासून आप्पा मिलमधी आले न्हाईत. त्यांना बी गप बसवलंत अन् मला बी.

वीरण्णा : (दारातून आत येत) तुळजा, तू कामून आलीस? काल सांगितलं ना. संगमेश, झालं का चालू?

संगमेश : होईल वीरण्णा. सॉफ्टवेअरमध्ये थोडा इश्यू होता. अपडेट टाकतो.

तुळजा : इश्यू म्हंजे काय ते मराठीत सांगा. न्हाईतर कन्नडात सांगा. अण्णांना दोन्ही कळतंय.

संगमेश : चूक माझी होती वीरण्णा. ग्राफ बंद पडला होता, अन् तो बंद पडलाय हे कुणालाच दिसणार नव्हतं. पिक्चर-बिक्चर काही नव्हता. काल मी न बघता बोललो. तुळजाअक्काचं काही चुकलं नाही.

वीरण्णा : हे काल बोलायला तोंड शिवलं होतं का तुझं? तुझ्यावर इसवास टाकून म्या बाईमाणसाला हाकललं. ती करपलेली डाळ आता जनावरं बी तोंडात धरंनात.

संगमेश : अजून एक आहे. सोमवार मोडायला मी सांगायला नको होतं. आप्पांना मी स्वतः जाऊन भेटतो.

वीरण्णा : त्यांच्याकडं तर मलाबी जायाचंय.

तुळजा : अण्णा, ह्यांनी न बगता सांगितलं. तुमी न इचारता ऐकलं. इतकी वर्सं हितं हाय मी. तुळजा, काय झालं गं, एवढं तरी इचारायचं.

वीरण्णा : व्हय. चुकलं माझं. झालं ते झालं. बस खुर्चीवर.

तुळजा : न्हाई बसत.

वीरण्णा : आता काय राहिलं? चुकलं म्हणालो की.

तुळजा : मला म्हणालात. माझं मला म्हाईतच होतं. ज्यांच्यासमोर उठवलंत, त्यांच्यासमोर बसवा.

वीरण्णा : बाया आत कशा येतील? पायाला भुसा असतोय. कॉम्प्युटरपाशी भुसा नको म्हणून ह्यानंच नेम घालून दिलाय.

तुळजा : मग येते मी.

वीरण्णा : थांब. संगमेश, तू ऊठ. बाहेर जाऊन ईरम्माला हाक मार, सगळ्याजणींना आत घेऊन ये. पायाला भुसा असला तरी चालंल म्हणावं.