गाठ नव्हे, सूज

डॉ. रोहिणी : ऑपरेशनची तारीख पुढे ढकला, आराधना. मला ही गाठ वाटत नाही.

दीनाबाई : अवो, तिकडं फिलम बघून सांगितलंय ना, मेंदूखाली गाठ हाय म्हनून! कोपरगावातनं नगरला उगं आलो व्हय आमी?

डॉ. रोहिणी : फिल्ममध्ये गाठ आणि सूज सारखीच दिसू शकते, दीनामावशी. आराधना, बाळंतपणानंतर दूध आलंच नाही?

आराधना : थेंबभरही नाही. डोकं तर बाळंतपणाआधीपासून ठणकतंय. उठलं की चक्कर. बाजूचं दिसत नाही, दाराला खांदा आपटतो. या सासूबाई म्हणतात, आळस आहे.

दीनाबाई : म्हनले म्या. पर डिंकाचे लाडू बी म्याच केले!

डॉ. रोहिणी : आळस नाही हा. मेंदूखाली हरभऱ्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. अंगातली ताकद, रक्तदाब, दूध, सगळं तिच्या हुकमावर. रोगाशी लढणारी शरीराची ताकद कधीकधी तिच्यावरच उलटते, बाळंतपणाच्या सुमारास जास्त. मग ती सुजते आणि डोळ्यांच्या नसा दाबते.

दीनाबाई : कुंपनानंच शेत खाल्लं म्हना की.

आराधना : खात्री आहे तुमची?

डॉ. रोहिणी : तुकडा तपासल्याशिवाय शंभर टक्के कुणीच सांगणार नाही. पण ग्रंथी सगळीकडून सारखी फुगलीय, तिचा देठ जाड झालाय आणि रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे अंगाची ताकद आणि रक्तदाब टिकवणारं द्रव्य, जवळजवळ नाहीच. म्हणून तर चक्कर येते. आधी त्याची भरपाई, आत्ताच, इंजेक्शनने. मग सूज उतरवायला स्टेरॉइडचा मोठा डोस. थायरॉइडही कमी पडलंय, पण त्याची गोळी त्यानंतरच. हा क्रम चुकला तर जिवावर बेततं.

दीनाबाई : स्टिरॉइड लई वंगाळ म्हनत्यात.

डॉ. रोहिणी : तोंड सुजेल, साखर वाढेल. त्यावर मी लक्ष ठेवते. नजर आणखी कमी झाली तर मीच ऑपरेशनला पाठवीन. पण ती वेळ येणार नाही असं वाटतं.

आराधना : करू द्या, आई. बाळाला, एंजलला उचलायचीसुद्धा भीती वाटते मला.

दीनाबाई : ...करा, डॉक्टरीनबाई.

(दीड महिन्यानंतर. तीच खोली.)

आराधना : काल एंजलला कडेवर घेऊन गोदावरीच्या पुलावरून चालत गेले, डॉक्टर. दोन्ही बाजूंच्या गाड्या दिसल्या!

डॉ. रोहिणी : दिसणारच. नव्या फिल्ममध्ये ग्रंथी निम्म्यावर आलीय, नसा मोकळ्या झाल्यात.

दीनाबाई : मंग गोळ्या बंद?

डॉ. रोहिणी : सुजेच्या हळूहळू कमी करू. कॉर्टिसॉलची मात्र चालूच, कदाचित कायमची. ताप आला तर डोस दुप्पट. उलट्या झाल्या तर घरीच इंजेक्शन टोचायचं आणि तडक दवाखाना गाठायचा. कुणाला शिकवू? नवऱ्याला?

आराधना : स्टीफन कारखान्यात पाळीवर असतात.

दीनाबाई : मला शिकवा की. घोडेगावच्या बाजारातनं आनलेल्या म्हशीला म्याच टोचते.

आराधना : आई, मी म्हैस आहे का?

डॉ. रोहिणी : घ्या, या उशीवर टोचून दाखवा. अशी सरळ धरा. मावशी, सुई उशीपाशीच थांबली तुमची.

दीनाबाई : म्हशीला टोचताना न्हाई थांबत, बाई. परत एकदा दावा.