घासलेला जोड

नाही, ती नको. सात नंबरची दाखवायला ठेवलीय, विकायला नाही. – हो हो, सगळ्यांत देखणी तीच आहे, मला काय डोळे नाहीत? माहितीपत्रकावर फोटो तिचाच आहे आणि रविवारी प्रदर्शनात लोकांसमोर पडदा ओढायचा तोही तिच्यावरूनच. म्हणून तर म्हणते, ती राहू दे. या, अशा इकडून या, सहा नंबर बघा. पाय जपून – लोखंडाचा कीस पडलेला असतो, चपलेतून रुततो आणि घरी जाईपर्यंत कळत नाही. लेकीला नाही आणलंत? शाळेत. बरं केलंत. पोरं आली की रंगावर बोट ठेवतात आणि आईबाप उगाच आपसांत भांडत बसतात. नऊ वर्षांची म्हणालात ना फोनवर? मी आठव्या वर्षी बसले होते. पुढे चोवीस वर्षं शर्यतीत काढली, एक खांदा आणि दोन बरगड्या तिथेच ठेवून आले – हसताय काय, बरोबर जुळलेल्याच नाहीत त्या, थंडीत सांगतात मला. – अरे वा, वही? प्रश्न लिहून आणलेत? मागचं पानही भरलंय की. असू दे, असू दे, लाजताय कशाला, आईच्या जातीने असंच असावं. विचारा. तो आवाज ना? ती खटखट? ते मागच्या खोलीत नावाच्या पट्ट्या पाडायचं यंत्र आहे, पायाने दाबायचं. दादाची मुलगी असते तिथे, माझी भाची. दिवसभर चालतं. आम्हाला ऐकूच येत नाही आता. थांबलं तरच कळतं.

पहिला प्रश्न काय आहे? – ‘स्प्रिंग कुठे आहे?’ छान. बरेच बाप हा प्रश्न विचारत नाहीत हो, त्यांना वाटतं आपल्याला ठाऊक असायला हवं. स्प्रिंग नाहीच. या छोट्या शर्यतीच्या गाडीला, गो-कार्टला, स्प्रिंग नसते, धक्का खाणारं काहीच नसतं. हा पाइपांचा सांगाडा, आम्ही याला चासी म्हणतो, हाच वाकतो वळणावर आणि हाच परत सरळ होतो. नुसता ताठ असून भागत नाही. ताठ लोखंड मोडतं. मऊ असेल तर वाकलेलंच राहतं. हवं ते मधलं, वाकेल पण तुटणार नाही असं. म्हणून आमच्या चासीचं नाव ‘चिवट’. नाव दादाने ठेवलं. म्हणाला, तुझ्यावरूनच ठेवतोय, सुंभ जळला तरी तुझा पीळ जायचा नाही. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. मी पळवायची, तो जोडायचा. माझ्या चोवीस वर्षांच्या सगळ्या गाड्या त्याच्या हातच्या, आणि त्यातली एकसुद्धा जोडात तुटली नाही. एकसुद्धा. मी भिंतीवर घातल्या, उलट्या केल्या, पाइपांची जिलबी झाली, पण जोड शाबूत. हे लिहा वहीत.

आता हा जोड बघा, बोट फिरवा. खवले लागतात ना बोटाला, माशाच्या अंगावर असतात तसे, एकावर एक? हे वेल्डिंग आहे. दिसायला ओबडधोबड आहे, पण हे जे वर आलेलं आहे ना, टम्म, तीच त्याची ताकद. दादा त्याला जोडाचं मांस म्हणतो. दोन ते सहा नंबर, पाचही अशाच आहेत. – काय? सात नंबरचा गुळगुळीत आहे. हो. तो... तो घासलाय. फोटोसाठी. प्रदर्शनातल्या वस्तू असतात तशा, त्यांना काय पळायचं असतं? – पुढचा प्रश्न.

अपघात. – हं. ऐकलंत तर. नाही, लपवण्यासारखं काही नाही, सगळ्यांना माहीत आहे. पाच महिने झाले. एक नंबरची चासी होती, पहिलीच. चालकाची चूक. ब्रेक उशिरा दाबला गेला, गाडी वळणावर बाहेर गेली, टायरच्या भिंतीला धडकली. चालकाच्या डाव्या पायाचा घोटा गेला. या गाडीत ब्रेक डाव्या पायाने असतो, म्हणून डावा. आम्ही त्या वेळी तसं लेखी दिलंय, वाक्य पाठ आहे मला – ‘चासीत कोणताही दोष आढळला नाही.’ आणि चालक... आता तुम्हाला दुसरीकडून कळण्यापेक्षा मीच सांगते, चालक म्हणजे ती. आतली. दादाची मुलगी. तेवीस वर्षांची आहे, आम्ही भिंगरी म्हणतो तिला, तीन वर्षांची असल्यापासून अंगणात स्वतःभोवती फिरत बसायची आणि पडली की हसायची. माझ्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायला शिकली. माझ्यापेक्षा चांगली चालवायची – हे मी कुणासमोर म्हणत नाही, शिष्ट होईल म्हणून – माझ्यापेक्षा खूप चांगली. उशिरा ब्रेक म्हणजे तिच्या रक्तातच नव्हता. म्हणजे – होतो कधीतरी. माणूस आहे. चूक होते.

नाही, यंत्र ती उजव्या पायानेही दाबू शकते. मीच सांगितलं होतं तिला, उजव्याने दाब. तीन ऑपरेशनं झाली, घोटा वळतच नाही, आतून खिळे घालून बांधलाय. पण ऐकत नाही. डाव्यानेच दाबते. मला वाटलं, हट्ट आहे, बापावर गेलीय. मग एकदा मी चहा घेऊन गेले तर तोंडाने मोजत होती – एक, दोन, दाब. एक, दोन, दाब. म्हटलं, हे काय ग? तर म्हणते, आत्या, सराव करतेय, आता बघ, लवकर दाबते की नाही. ... दिवसाला चारशे पट्ट्या पाडते. आम्हाला एवढ्या लागत नाहीत. सात चासी आहेत आमच्या – सहा. मी डबे भरून ठेवते आणि काही बोलत नाही. ऐका आता, कान देऊन ऐका. दोन खटके आणि मग जरा दमाने एक. तो तिसरा. तो ब्रेक आहे.

मी काय म्हणत होते? हां, पारख. मडकंसुद्धा आपण वाजवून घेतो, नाही का? हा घ्या छोटा हातोडा. तुम्हीच मारा, हलकेच, जोडाच्या जवळ. – ऐकलंत? खण्ण. आत चीर असेल तर बद्द वाजतं, फुटक्या मडक्यासारखं. दादा प्रत्येक चासी अशी वाजवून मगच ट्रॅकवर सोडायचा. डोळे मिटून. आता ती – नाही, तिकडे नको, सात नंबर नका हो वाजवू. वाजवलीत. वाजली ना खणखणीत? सहापेक्षाही गोड वाजते. तीच तर रड आहे. चीर असली तर आवाजात कळते. मांस काढून घेतलेलं कळत नाही. एक नंबरही अशीच वाजली होती त्या सकाळी, मीच हातोडा मारला होता, मीच म्हणाले होते खणखणीत, बस ग, चारच फेऱ्या मार, फोटोवाला खोळंबलाय.

काय झालं? माझ्याकडे असं काय बघताय? – एक नंबर घासलेली होती असं मी कधी म्हटलं? म्हटलं नाही मी. ... हं. उचलली जीभ लावली टाळ्याला. तुम्ही शाळेत शिकवता का हो? अगदी बाईंसारखं बघता. बसा. ते स्टूल घ्या, त्याचा पाय हलतो, भिंतीला टेकवून बसा.

एक विक्रेता आला होता. मोठा माणूस, पाच शहरांत दुकानं. त्याने एक नंबर पाहिली, फेरी मारली तिच्याभोवती, बोट फिरवलं त्या खवल्यांवरून आणि म्हणाला – छान आहे, पण जरा घरगुती वाटते. घरगुती! तुम्ही बाई आहात, तुम्हाला कळेल. चोवीस वर्षं मी हेल्मेट काढलं की लोक म्हणायचे, अरे, ही तर बाई आहे, घरी कोण बघतं? लग्न मोडलं ते याच शब्दावरून, त्यांना घरगुती मुलगी हवी होती. आणि आता चासीसुद्धा घरगुती? दादा हसला, म्हणाला, सोड ग, त्याचं बोट मऊ आहे. मी नाही सोडलं. दादा दोन दिवस पाइप आणायला परगावी गेला आणि मी ग्राइंडर घेऊन बसले. एक नंबर आणि सात नंबर. फोटोत एक पुढून आणि एक मागून दिसणार होती, म्हणून दोन. सगळे खवले काढले, आरशासारखं केलं, रंग मारला. इतकं सुंदर दिसत होतं हो. मी स्वतः वेल्डिंग करत नाही, पण मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. दादा सतरांदा सांगायचा, जोडाला ग्राइंडर लावायचा नाही. मला वाटलं, फोटो होईपर्यंत तर राहील. दादा आला की पुन्हा भरून घेऊ. आणि फोटोवाला म्हणाला, उभ्या गाडीत जीव नाही, जरा पळवता का?

चौथी फेरी होती. मी कठड्यावर उभी होते. ब्रेक मी डोळ्यांनी पाहिला, वेळेवर दाबला होता तिने, नेहमीच्या खुणेलाच. पुढचं डावं चाक नुसतं... निघालं. जोडातून. लोण्यातून सुरी काढावी तसं. ती चाकाशिवाय गेली भिंतीत.

दादा दुसऱ्या दिवशी आला. तुटलेला पाइप उचलला, तुटल्या कडेवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता मारतो. मारायला हवं होतं. त्याने तो तुकडा रुमालात गुंडाळला, पिशवीत टाकला आणि दवाखान्यात गेला. त्यानंतर या दारात त्याने पाऊल ठेवलेलं नाही. लेकीला सकाळी फाटकापर्यंत सोडतो, संध्याकाळी फाटकातूनच नेतो. तिलाही सांगितलेलं नाही त्याने. का नाही सांगितलं म्हणाल, तर – मला वाटतं तो माझी वाट बघतोय. मी सांगावं म्हणून. पाच महिने वाट बघतोय. चिवट आहे तोही.

आणि मी काय केलं? ती शुद्धीवर आली, तेव्हा मी पलंगाशी होते. म्हटलं, आता काही बोलू नये, नंतर बोलू. तीच बोलली. ओठ सुकलेले, नळ्या लावलेल्या, आणि म्हणते – आत्या, सॉरी ग, तुझी चासी मोडली माझ्याकडून. मी उशिरा दाबला का ग?

एवढंच विचारलं. मी ‘नाही’ म्हणायचं होतं. दोन अक्षरं. आणि मी म्हटलं – होतं ग, बाळा. होतं कधीतरी.

हे मी तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझ्या कोण? चासी घ्यायला आलात, चासी घ्या आणि जा. सहा नंबर घ्या, देवाशपथ चांगली आहे, दादाच्या हातची आहे. – सात नंबर कापून का टाकत नाही? तुमच्या वहीत आहे हा प्रश्न? नाही? मग आत्ता सुचला. चांगला सुचला. रोज सकाळी करवतीपाशी जाते मी. पण कापायला लागले की ती विचारणार, आत्या, एवढी छान का कापतेस? मग काय सांगू? सात नंबर वाईट असेल तर एक नंबरही वाईट होती. मग ब्रेक वेळेवर होता. मग ती पाच महिने तिथे बसून जे दाबतेय, ते... म्हणून ठेवलीय. विकत नाही, कापत नाही. रविवारी तिच्यावरचा पडदा भिंगरीच ओढणार आहे. तिचा हट्ट. म्हणाली, मी मोडली होती ना, आता मीच दाखवते लोकांना. नवीन ड्रेस शिवलाय तिने, लांब, घोटा झाकणारा.

तुमच्या लेकीच्या पायाचं माप आणलंय ना? द्या. गुडघ्यापासून टाचेपर्यंत म्हटलं होतं मी, तुम्ही बुटाचा नंबर लिहून आणलात. असू दे. आईचा जीव, गोंधळायचाच. घरी जाऊन पट्टीने मोजा आणि – वही मिटलीत? पाणी देऊ का? तुम्ही पांढऱ्या पडलात. अहो, माझ्याकडे बघा ना, माझ्या मागे काय बघताय?

...

खटखट कधी थांबली?

वळत नाही मी. तुम्हीच सांगा – नाही, नका सांगू. तुम्ही या आता. सहा नंबर नको, कुठलीच नको, दुसरीकडून घ्या, मात्र बोट फिरवून घ्या. जाताना फाटक पूर्ण उघडं ठेवा, दादा बाहेर आला असेल. – नाही, तिच्याकडे बघू नका जाताना. या म्हटलं ना.

भिंगरे. कुबडी कुठे टाकलीस? अशी उभी नको राहूस त्या पायावर.