खंडेनवमीचा लाल बोर्ड

नाही नाही, त्याला हात नका लावू, धनसिंगभाऊ — तो लाल बोर्ड तुमचा नाही. म्हणजे तसा तुमचाच, पण त्याचं नंतर बघू. तुमच्या पिठाच्या गिरणीचा हा, सागवानी. बसा. चहा नाही विचारत, आमच्याकडे तुम्हाला चहा कोण करणार? आत सुकदेवची बायको आहे, भागाबाई — तो खलबत्ता वाजतोय ना, तीच. मिरच्या कुटतेय. मी तिचा जेठ, थोरला दीर, समोरासमोर बोलायची आमच्यात रीत नाही, तेव्हा तीन वर्षं एका घरात राहून आमचं जे बोलणं होतं ते या भिंतीतून. कान तिखट आहेत तिचे. तुम्ही आपले सावकाश बोला.

हां, तर बोर्ड. धुळ्यात चार वायरमन, तुमच्या गल्लीतच एक बसतो, आणि तुम्ही पाचव्या गल्लीत या हिलालकडे आलात — का आलात? मी सांगतो का आलात. गिरणीवर रुपचंद बसणार. पोटचा पोरगा, दिवसातून पन्नास वेळा त्याचा हात या खटक्यावर पडणार, आणि तेव्हा बोर्ड कुणाचा असावा हे तुम्हाला बरोबर कळतं! बघा मग, नीट बघा. खांबावरून दोन तारा येतात, एक गरम, एक थंड. माणूस मारते ती गरम. हा खटका दोन्ही एकदम तोडतो — पाडला की मोटरीत काही म्हणता काही उरत नाही. गरम तारेचा स्क्रू मोठा, थंड तारेचा लहान — कुणी गाढवानं उलट्या जोडायच्या म्हटल्या तरी बसणारच नाहीत. झाकण? ओढा. निघत नाही ना? खटका पाडल्याशिवाय आतला अडसर सरकतच नाही. आणि ही तिसरी तार, मोटरीच्या लोखंडी अंगापासून थेट जमिनीत. अंगणात खड्डा, खड्ड्यात तांब्याचा पत्रा, त्यावर कोळसा आणि मीठ, उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी. वीज मोटरीच्या अंगावर आली तर या वाटेनं जमिनीत जाईल, फ्यूज उडेल, माणूस वाचेल. ही तार दिसायला वाईट दिसते हं. लोंबते. काढून टाकायची का? — का हो, खाली का बघता?

काढली होतीत ना तुम्ही. चोपन्न सालची खंडेनवमी. कापसाच्या जिनिंगचे मालक मुंबईहून पूजेला येणार, तुम्ही मॅनेजर, मग काय, सगळी यंत्रं रंगवा, बोर्डसुद्धा लाल करा! बोर्ड उतरवला कुणी? रंगाऱ्यानं. परत बसवला कुणी? रंगाऱ्यानंच. दोन्ही तारा काळ्या, त्या बिचाऱ्याला काय कळणार — गरमच्या जागी थंड, थंडच्या जागी गरम. मोटर फिरली, तुम्ही म्हणालात झालं! फिरणारच, मोटरीला काय त्याचं. पण त्या जुन्या खटक्यात एकच तार तुटायची, आणि आता तुटत होती ती थंड. खटका बंद, मोटर थांबलेली, आणि गरम तार आत तशीच जिवंत. वर ती लोंबणारी तार फोटोत वाईट दिसते म्हणून तुम्ही पकडीनं कापलीत.

आणि माझा सुकदेव, तुमच्याच जिनिंगवर कामाला, सकाळी त्याच बोर्डावरच्या पाण्याच्या टाकीच्या मोटरीला आंघोळ घालायला बसला. दरवर्षी तोच घालायचा, तांब्यानं, लहान लेकराला घालावी तशी. भागाबाई ताट घेऊन मागे उभी. खटका पाडला त्यानं, तिला विचारलंसुद्धा, "बंद शे ना?" ती म्हणाली, शे. पाणी आत उतरलं, हार घालायला ओला हात टेकवला — संपलं. पंचांपुढे ती ओरडून सांगत होती, "खटका बंद व्हता, मी देखं!" बाईमाणसाचं कोण ऐकतो? तोवर खटका चालू करून ठेवला होता कुणीतरी. आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, बंद असता तर माणूस मेलाच नसता, चुकी त्याचीच. अहो, फिरत्या मोटरीला हार कोण घालतं? एवढं एकाच्याही डोक्यात आलं नाही!

तर आता हा लाल बोर्ड. तोच. भंगारातून उचलला मी. तारा तशाच उलट्या ठेवल्यात, आणि ही खाली मोटर. खटका बंद आहे, बघा, बंद. हा तांब्या घ्या. हात ओला करा आणि ठेवा मोटरीवर. ठेवा ना! बंद असला तर माणूस मरत नाही, तुमचीच जबानी आहे. ठेवा, म्हणजे रुपचंदचा बोर्ड तुमचा, वायरमनच्या सहीसकट.

का? मागे का सरकलात? घाम कशाला पुसताय? — म्हणजे ठाऊक होतं. तेव्हाही ठाऊक होतं! भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं म्हणा एकदा, खटका बंद होता. म्हणा... मोठ्यानं. हां. तीन वर्षं या तीन शब्दांसाठी थांबलो मी. आणि ती तार बघा, टेबलामागे, कशालाच जोडलेली नाही. नुसत्या लाकडाला घाबरलात! थरथरा असेच. रोज थरथरा. रुपचंद खटका दाबेल तेव्हा तेव्हा थरथरा, मला बरं वाटेल.

काय म्हणालात? मी कुठे होतो? मी — मी होतो की. दोन दिवस आधी आलो होतो जिनिंगवर. लाल रंग बघितला, तार कापलेली बघितली. वायरमन मी, आणि बोर्डाला रंगारी? डोकं फिरलं माझं. म्हटलं मला बोलवत नाहीत तर मरा, मी कशाला उघडून बघू. पाठ फिरवली आणि आलो घरी, सुकदेवला एक शब्द बोललो नाही. खटका पाडला की निर्धास्त हात लाव, हे त्याला शिकवलं होतं कुणी? मीच. पण मला काय माहीत आंघोळ — हे मी तुम्हाला कशाला सांगतोय? तुमचा काय संबंध!

थांबा. गप्प बसा जरा.

खलबत्ता कधी थांबला?

घ्या तो सागवानी बोर्ड. सही मागे केलेली आहे, सकाळीच केली होती. पैसे नकोत. उठा. उठा म्हणतो ना, जा!

भागाबाई... भागाबाई, मधलं दार का लावलंस?