दम ऐकू येईना

माझ्या मोठ्या आवाजाला हसताय व्हय? मग ऐका. आमची लेक कावेरी संघात पगारावर कबड्डी खेळायला लागली, तिची पहिली मॅच. आमच्या रिहे गावात भातात डुकरं घुसली की ह्याच पोरीच्या आरोळीनं अख्खं शिवार दणाणतं. पण तिथं, एवढ्या लोकांपुढं, ती चढाईला गेली आणि "कबड्डी, कबड्डी" तोंडातल्या तोंडात. पंचानं शिट्टी मारली. दम ऐकू आला नाही म्हणून माघारी पाठवलं. कोचनं सुनावलं, "अजून एकदा असं झालं तर बाहेर बसायचं."

पुन्हा तिची चढाई आली, तशी मी खुर्चीवर उभी राहिले. मागचा माणूस म्हणाला, "मावशी, खाली बसा, दिसत नाही."

"गप रे," म्हणलं आणि बोंबलले, "कावेरे, भातात डुकरं घुसलीत!"

पोरीनं असा दम घुमवला की समोरच्या पोरी मागंच सरल्या. दोघींना शिवून परत आली.

पुढच्या मॅचला मी पुन्हा खुर्चीवर चढले. तर मॅटवरनं तीच माझ्यावर कडाडली, "आये, खाली बस! वरडायला मी हाय की!"